"कोळी निसटला", असं सांगू का?

पत्र, थोडक्यात : फोंडा तालुक्यातल्या एका वडिलांनी लिहिलं आहे. जुनं घर, मागे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग. घरात ते, त्यांच्या पत्नी, ऐंशीला टेकलेली आई आणि आठवीतला मुलगा. पावसाळ्याच्या सुरुवातीला मुलाने बल्कावातल्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीतल्या, दिव्याखालच्या भिंतीवर एक जंपिंग स्पायडर, म्हणजे उड्या मारणारा कोळी, पकडला. सेंटिमीटरभर लांब, काळसर, पाठीवर उभे पांढरे पट्टे. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत तो मुलाच्या टेबलावर असतो. पूर्वी संध्याकाळी मैदानावर असणारा मुलगा आता बरणीसमोर बसलेला असतो, म्हणतो, "तो मला ओळखतो, मी आलो की वळून बघतो." आजीचं म्हणणं, घरात कोळी म्हणजे अवदसा, आणि अंगावरून फिरला तर फोड उठतात, चतुर्थीच्या साफसफाईआधी तो बाहेर गेलाच पाहिजे. आईचं म्हणणं, मोबाइलपेक्षा बरा. वडिलांना कोळ्यांची किळस येते. त्यातच मुलाने ऑनलाइन एक परदेशी, केशरी मादी पाहून ठेवली आहे आणि वाढदिवसाला तीच हवी असा हट्ट धरला आहे. गेले चार दिवस बरणीतला कोळी काही खात नाही. वडील विचारतात : "मुलगा झोपला की मी कोळी बाहेर सोडतो आणि सकाळी 'निसटला वाटतं' म्हणतो. सगळे सुटतील. यात काही चूक आहे का?"

हो, चूक आहे. आधी एवढंच सांगते, कारण चतुर्थी तोंडावर आली आहे आणि तुम्ही हे आज रात्रीच उरकून टाकाल अशी मला धास्ती वाटते. थोडं थांबा.

तुमच्या बेतात कोळी सुटेल, पण मुलगा अडकेल. जो मुलगा रोज त्या बरणीपाशी बसतो त्याला झाकण किती घट्ट होतं हे पक्कं ठाऊक असतं. सकाळी तो टेबलाखाली शोधेल, पलंगाखाली शोधेल, आणि शेवटी आपणच झाकण नीट लावलं नसणार असं मनाशी धरून बसेल. जे दुःख तुम्ही टाळू पाहता ते तर होणारच, वर न केलेल्या चुकीचा भार त्याच्या माथी येईल. आणि त्याला खरं कळलं (या वयाच्या मुलांना ते बहुतेक वेळा कळतंच), तर पुढे ज्यात त्याचं मन रमेल ते तो तुमच्यापासून लपवायला शिकेल.

मूळ प्रश्नात मात्र मी तुमच्याच बाजूची आहे. हा कोळी बरणीतून बाहेर जायला हवा. तो मुलाने स्वतः सोडायला हवा, उजेडी, का सोडतो आहे हे समजून.

कारण सांगते. तुम्ही केलेलं वर्णन प्लेक्सिपस पेकुली या जातीच्या नराशी जुळतं. जगाच्या उष्ण भागांत सगळीकडे पसरलेली ही जात माणसांच्या घरांच्या भिंतींवर राहते आणि दिव्याच्या आसपास हमखास दिसते, कारण तिथे किडे येतात. मुलाला एक गोष्ट बघायला सांगा. कोळ्याच्या तोंडाजवळ, पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला, पायांसारखेच दिसणारे दोन आखूड अवयव असतात. त्यांची टोकं फुगीर असली तर तो वयात आलेला नर. वयात आल्यावर हे कोळी पुन्हा कात टाकत नाहीत. वाढ संपलेली असते आणि पुढचे दिवस मादीच्या शोधात फिरण्यात जायचे असतात. यांच्यातल्या बहुतेक जातींचं सगळं आयुष्य साधारण वर्षभराचं, नराचं सहसा त्याहून कमी. भिंतीवरून पकडलेल्या नराचं किती आयुष्य सरलं आणि किती उरलं हे बाहेरून कळत नाही. पावसाच्या सुरुवातीपासून तो बरणीत आहे, म्हणजे त्याच्या मोजक्या दिवसांतले बरेचसे काचेवर चालण्यात गेले. मुलाला हे असंच सांगा, रागावण्याचा सूर न लावता. रोज एवढं निरखून पाहणाऱ्या मुलाला ते पटेल असं मला वाटतं.

आता न खाण्याबद्दल, कारण यावर सोडायचा दिवस ठरेल. टोकं फुगीर नसतील आणि कोळी बरणीच्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या रेशमाची जाड पिशवी विणून आत बसला असेल, तर तो बहुधा वयात आलेला नाही आणि कात टाकायच्या तयारीत असावा. तेव्हा हे कोळी कित्येक दिवस खात नाहीत, धड हलतही नाहीत. मुलं घाबरून बरणी ठोकतात, काडीने पिशवी उसकटतात. तसं अजिबात होऊ देऊ नका. आत जिवंत किडा सोडलेला असेल तर तो काढून घ्या. कात टाकताना कोळ्याचं अंग मऊ असतं आणि भुकेला रातकिडा त्याला कुरतडू शकतो. अशा वेळी सोडण्याची घाई नको. कात पडून अंग टणक व्हायला काही दिवस जाऊ देत.

टोकं फुगीर असतील आणि पोट सुरकुतलेलं दिसत असेल, तर भुकेआधी तहानेचा विचार करा. कोळ्याच्या पायांतल्या मुख्य सांध्यांना पाय ताणणारे स्नायूच नसतात. अंगातला द्रव दाबाने पायांत ढकलून तो पाय लांब करतो. उडीसुद्धा त्याच दाबावर. अंगातलं पाणी कमी झालं की दाब पडतो, पाय आत वळायला लागतात, उडी जमत नाही, आणि उडी जमली नाही की शिकार नाही. बरणीच्या आतल्या बाजूला, त्याच्यापासून थोडं दूर, बोटाने पाण्याचे दोन-चार बारीक थेंब लावा. तो स्वतः जाऊन पिईल. अंगावर फवारा मारू नका. दुसऱ्या दिवशी पोट भरलेलं, चाल नीट दिसली, तर त्याच संध्याकाळी सोडा.

कुठे सोडायचा? जिथे पकडला तिथेच, बल्कावातल्या दिव्याखाली. बरेच लोक चांगल्या भावनेने असा घरातला कोळी दूर रानात नेऊन सोडतात. या जातीचं घर म्हणजे तुमची भिंत. कुळागरातसुद्धा नको. पावसाची सर नसेल तेव्हा, पंखा बंद करून, बरणी भिंतीला आडवी टेकवून झाकण काढा आणि त्याला स्वतःहून बाहेर येऊ द्या. दहा मिनिटं लागली तरी चालतील.

आता आजींकडे वळू. त्यांचं म्हणणं नुसती अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकू नका; वर्षानुवर्षं त्यांनी हे घर झाडून ठेवलं आहे. त्यांचा राग जळमटांवर आहे आणि जळमटं हा कोळी करत नाही. छताच्या कोपऱ्यात धूळ धरून लोंबणारी जाळी काडीसारख्या लांब पायांच्या दुसऱ्या कोळ्यांची असतात. उड्या मारणारे कोळी शिकार पकडायला जाळं विणत नाहीत. डोळ्यांनी हेरून, दबा धरून, झडप घालून पकडतात. उडी मारण्याआधी एक धागा चिकटवतात तो सुरक्षेचा दोर म्हणून, आणि झोपायला, कात टाकायला, अंडी घालायला खिडकीच्या चौकटीत बोटाच्या पेराएवढी पांढरी पिशवी करतात. आजींना एकदा प्रत्यक्ष दाखवा. तोंडी सांगून जे पटत नाही ते भिंतीवर माशी पकडताना पाहून पटतं.

फोडांचं कारण वेगळं आहे. पावसाळ्यात दिव्याकडे एक बारीक, लांबट, काळा-नारिंगी भुंगेरा येतो. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्या अंगातल्या द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते, रेघ उमटते, फोड येतात. माणूस झोपेतून उठतो, किडा दिसत नाही, कोळी मात्र भिंतीवर दिसतो, आणि आळ त्याच्यावर येतो. नागिणीचे फोडही पुष्कळदा कोळ्याच्या नावावर खपवले जातात. त्यात उशीर झाला तर त्रास वाढतो, म्हणून एका बाजूला पट्ट्यासारखे, दुखणारे फोड उठले तर आजींना लगेच डॉक्टरांकडे न्या. कोळी फिरल्याने फोड येत नाहीत. उड्या मारणाऱ्या कोळ्याला किडे मारण्यापुरतं विष असतं, आणि बोटात दाबला गेला तर तो चावूही शकतो. थोडी आग, थोडी सूज, एवढ्यावर ते भागतं. माणसाला त्याच्या विषापासून धोका नाही. ज्यांना कीटकदंशाची जोरदार ॲलर्जी आहे त्यांनी मात्र कुठलाच कीटक किंवा कोळी हातावर खेळवू नये.

तुमच्या किळसेबद्दल तुम्ही पत्रात दोनदा माफी मागितली आहे. तिची गरज नाही. किळस दडवून मुलाबरोबर हौसेचं सोंग आणू नका, त्याला ते कळेल. "मला हे बघवत नाही, पण तू काय पाहिलंस ते सांग," असं म्हणता येतं, आणि ते खरं असल्यामुळे त्याला पोचतं.

तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीपाशी मी जास्त वेळ थांबले : मुलगा एकलकोंडा झाला आणि त्याला कोळी कारण आहे, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. तुमच्याच पत्रात असंही आहे की मुसळधार पावसामुळे मैदानात पाणी आहे आणि त्याचा जोडीदार मित्र या वर्षी मडगावच्या शाळेत गेला. कोळी नसता तर तो संध्याकाळी काय करत असता? आणि बरणीसमोर बसून तो गप्प असतो, की तुम्हाला बोलावून "बघा, बघा" म्हणतो? बोलावत असेल तर तो एकटा पडलेला नाही. त्याला सांगायला माणूस हवा आहे. जेवण, झोप, शाळा, बोलणं यांतलं काही ढासळलं असेल तर प्रश्न कोळ्याचा नाही. मग शाळेतल्या समुपदेशकांशी बोला, आणि तेव्हाही बरणी उचलून फेकू नका.

"तो मला ओळखतो," या मुलाच्या वाक्याचं काय करायचं? मला ते वाक्य हळुवारपणे दुरुस्त करावंसं वाटतं, कारण खरी हकीकत त्याहून सुरस आहे. या कोळ्याला आठ डोळे. बाजूचे डोळे जवळजवळ चहूकडची हालचाल टिपतात. काही हललं की तो गर्रकन वळून पुढचे दोन मोठे डोळे तिकडे लावतो. हे मोठे डोळे बारीक तपशील पाहतात, पण एका वेळी अगदी अरुंद पट्टा. त्यांचं भिंग जागेवर घट्ट असतं. आत दुर्बिणीच्या नळीसारखी लांब नळी असते, तिच्या तळाशी दृष्टिपटल, आणि ती नळी हलवून तो समोरची वस्तू तुकड्यातुकड्याने वाचत जातो. म्हणजे तुमचा मुलगा खोलीत आला की कोळी खरोखरच त्याच्याकडे बघतो. त्यात माया असल्याचा काही पुरावा नाही. "हे काय आहे, खायचं की पळायचं?" एवढं त्याला ठरवायचं असतं. तरी सेंटिमीटरभराचा जीव एवढ्या थोरल्या प्राण्याकडे पळून न जाता तोंड वळवून बघतो, हे मला फार मोलाचं वाटतं, आणि मुलालाही तसं वाटत असेल तर तो चुकत नाही.

त्याला आवडेल अशी आणखी एक गोष्ट. युरोपातल्या एका जातीची पिल्लं रात्री धाग्याला उलटी लटकून झोपतात. त्यांची कातडी पारदर्शक असल्यामुळे आतल्या नळ्या दिसतात. संशोधकांनी रात्रभर चित्रण करून पाहिलं, तर ठरावीक वेळाने त्या नळ्या हलत होत्या आणि पाय आखडत होते. स्वप्नं पडतात त्या वेळच्या माणसाच्या झोपेशी मिळतीजुळती अवस्था. २०२२ साली हे प्रसिद्ध झालं. त्यांना स्वप्नं पडतात असं यावरून कुणी सिद्ध केलेलं नाही. पण रात्री टॉर्च मारून त्यांना उठवू नये, एवढं तरी ठरवता येतं.

परदेशी मादीबद्दल माझं मत स्पष्ट आहे : घेऊ नका. व्हिडिओंत दिसणारी ती टपोरी, केशरी किंवा राखाडी जात म्हणजे फिडिपस रीगियस, अमेरिकेचा आग्नेय भाग आणि कॅरिबियन बेटं इथली. तिकडे पाळीव कोळी म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात वाढवली जाते, मादी बंदिवासात वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त जगते, हे सगळं खरं. पण परदेशातून जिवंत प्राणी आणायला केंद्र सरकारचा आयात परवाना लागतो. ज्याने ती डब्यात घालून कुरियरने पाठवायचं कबूल केलं आहे त्याला कागद विचारा. उत्तर काय येतं ते मुलालाही वाचू द्या. आणि उद्या हौस फिटली तर तिला इथे बाहेर सोडता येत नाही. हे तुमच्या भिंतीवरच्या कोळ्याच्या बाबतीत कधीच आडवं येत नाही.

शिवाय केशरीच कशाला हवी? उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या जगभरात सहा हजारांहून जास्त जाती आहेत आणि तुमच्या मागच्या दारी त्यांतल्या कितीतरी असतील. काजूच्या झाडावर हुमले असतील तिथे नीट पाहायला सांगा. त्या तांबड्या मुंग्यांच्या रांगेत एखादी "मुंगी" पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून चालते आणि हात जवळ नेला की धाग्यावर लटकते. तो कोळी असतो, हुबेहूब हुमल्याच्या रूपाचा. हात मात्र खरोखर जवळ नेऊ नये, हुमले सोडणार नाहीत. आणि मुलाला सांगा की २०२१ साली ठाणे परिसरातल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला इसियस तुकारामी असं नाव दिलं गेलं, २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दहशतवाद्याला पकडून ठेवताना प्राण दिलेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. शहराच्या कडेला, माणसांच्या वावरात, २०२१ पर्यंत नाव नसलेला कोळी राहत होता.

तरी मुलगा म्हणेल, मला एक जवळ ठेवायचाच आहे. मी सरसकट नाही म्हणणार नाही. मी सुचवेन पाहुण्याची रीत : अंगणातला एक कोळी दोन-तीन दिवस ठेवायचा, निरखायचा, चित्र काढायचं, जिथून आणला तिथे सोडायचा. काही महिने हे नेमाने जमलं तर मग एखादं लहान पिल्लू पूर्ण वाढीपर्यंत सांभाळायचा विचार करावा. पूर्ण वाढलेली मादी पकडू नये. रानातल्या मादीचा बहुधा नराशी संग झालेला असतो. ती बरणीत अंडी घालते, आणि एका सकाळी तुमच्या टेबलावर डझनावारी पिल्लं असतात, इतकी बारीक की झाकणाच्या भोकांतून बाहेर.

असा विचार करणाऱ्या इतर वाचकांसाठीही जरा तपशिलात लिहिते. बरणी उभट हवी, साधारण वीतभर उंच, आणि ती उलटी ठेवायची : झाकण खाली, तळ वर. हे कोळी सगळ्यात उंच जागी पिशवी विणतात. झाकण वर असेल तर प्रत्येक वेळी उघडताना त्यांचं घर फाटतं. प्लास्टिकची बरणी घेतली तर तापवलेल्या सुईने समोरासमोरच्या दोन बाजूंना बारीक भोकं पाडा, म्हणजे वारा आरपार जाईल. गोव्यात हीच सगळ्यात मोठी गोष्ट. परदेशी व्हिडिओंत रोज फवारा मारायला सांगतात, तो हिटर चालणाऱ्या कोरड्या खोल्यांसाठी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. त्यात बरणी बंद आणि रोज पाणी, तर आठवड्यात बुरशी येईल आणि कोळी मरेल. पावसाळ्यात एका बाजूला दोन थेंब, ते वाळल्यावरच पुन्हा. मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात मात्र रोज थेंब लावा. आत एखादी वाळकी डहाळी उभी-तिरपी, बस्स. उजेड भरपूर हवा, कारण तो दिवसा डोळ्यांनी शिकार करतो. पण थेट उन्हात बरणी पाच-दहा मिनिटांत भट्टीसारखी तापते, म्हणून खिडकीजवळ, सावलीत. मुंग्या बरणी शोधून काढतातच. पाण्याच्या ताटात वाटी उपडी घालून तिच्यावर बरणी ठेवा.

खाणं जिवंतच लागतं, कारण जे हलत नाही त्याच्याकडे तो सहसा ढुंकूनही पाहत नाही. इथे बरेच हौशी लोक मागे सरतात. पिकलेल्या केळ्याच्या सालीवर येणारी चिलटं पिल्लांना पुरतात. मोठ्याला घरमाशी, धान्यातला पतंग, झुरळाचं बारीक पिल्लू. किडा त्याच्या अंगाहून मोठा नको. पिल्लाला एक-दोन दिवसांआड, मोठ्याला दोन-तीन दिवसांआड, आणि पोट टम्म दिसलं की थांबायचं. मुंग्या देऊ नयेत. औषध मारलेल्या जागेतला किडा तर कधीच देऊ नये. मुलाला दर दोन दिवसांनी जिवंत माशी पकडून आत सोडायला जमेल का, परीक्षेच्या आठवड्यातही? हे त्याला आधी विचारा. एका बरणीत एकच कोळी. त्याला सोबत लागत नाही. दुसरा आत टाकला तर दोघांतला एक खाल्ला जाण्याचीच शक्यता जास्त. आरशासमोर धरून त्याला स्वतःच्याच प्रतिमेशी भांडायला लावण्याचे व्हिडिओ फिरतात. ते त्याला त्रास देणं आहे. हातावर घ्यायचंच तर जमिनीवर बसून, पंखा बंद, आणि त्याला स्वतःहून चढू द्यायचं. पकडायला गेलात तर पायही तुटेल आणि पोटही फुटेल.

एक नियम कायद्याचा. बोंडला तुमच्यापासून जवळच. सहलीला गेलेली मुलं काडेपेटीत काहीबाही घालून आणतात. बोंडला, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं, मोलेचं राष्ट्रीय उद्यान, इथून परवानगीशिवाय एक कोळीही उचलायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. पाहावं, फोटो काढावा. आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर फोटो टाकला तर जगभरातले जाणकार जात ओळखायला मदत करतात, आणि गोव्यात कुठे काय सापडतं याची नोंदही राहते. आठवीतल्या मुलाला हे काम छान जमतं. घरात बसून असलेला मुलगा त्या निमित्ताने पुन्हा बाहेरही पडेल.

चतुर्थीचं म्हणाल तर जळमटं खुशाल काढा. आजींच्या मनासारखं घर लख्ख होऊ द्या. रंग द्यायचा असेल, किडे मारायचं औषध फवारायचं असेल, तर त्याआधी कोळी सोडू नका. ताज्या फवारलेल्या भिंतीवर सोडलेला कोळी मरतो. फवारणी करायचीच असेल तर बल्कावाची भिंत वगळा. मच्छरांची कॉइल आणि भिंतीतल्या प्लगवरचं द्रव यांचाही कोळ्यावर परिणाम होतो, म्हणून बरणी आहे तोवर मुलाने मच्छरदाणी लावावी. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळापानांनी सजवून टांगायच्या चौकटीचं, सामान घरात आलं की कवंडळांबरोबर, सुपारीच्या घोसांबरोबर दोन-चार कोळी येतीलच. ते काम मुलाकडे सोपवा : माटोळी बांधायच्या आधी ग्लास आणि जाड कागद घेऊन एकेक बाहेर नेऊन ठेवायचा. आजीही आपल्या नातवाला हाक मारतील, झाडू उचलणार नाहीत, असं मला वाटतं.

हे उत्तर तुमच्या हाती येईपर्यंत तो कोळी मेला असण्याचीही शक्यता आहे. तसं झालं असेल तर "तू मारलास" आणि "तुझी काहीच चूक नाही" ही दोन्ही वाक्यं टाळा. त्याचं वय झालं असावं, बरणीत त्याला मोकळेपण नव्हतं, तू त्याच्याकडे लक्ष दिलंस. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, तिन्ही सांगा. त्याला हवं असेल तर तो कोळी कागदावर ठेवून डोळे, पाय, फुगीर टोकं नीट पाहू द्या. त्याच दिवशी दुसरा पकडून आणायला मदत करू नका. महिनाभर भिंतीवरचेच पाहू देत.

आणि वाढदिवसाला दहा पट मोठं दाखवणारं हातभिंग द्या. कोळ्याच्या पुढच्या दोन डोळ्यांचा काळा चकाकता गोल त्यातून स्पष्ट दिसतो, आणि कुळागरात हिंडताना ते खिशात मावतं. सोबत मऊ कापड आणि घट्ट झाकणाची कोरडी डबी द्यायला विसरू नका. आपल्या पावसाळ्यात काचेलाही बुरशी धरते.